श्रीपादकाकांना शोधणारी दोन पानं

राइट टाउन, जबलपूर
१२ डिसेंबर २०२२

चि. विनता,

फोन न करता लिहिते आहे, याचं नवल वाटू देऊ नकोस. फोनवर तू मला धीर द्यायला लागतेस, मी रडायला लागते, आणि विचारायचं ते राहून जातं. लिहिताना निदान रडून झालं की पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. मोबाईलवर मराठी टाईप करायला तूच शिकवलंस, आता भोग.

तुझ्या पायाचं आधी कळव. काकांना शोधायला पुण्याहून धावत आलेली पोरगी ग्वारीघाटच्या पायऱ्यांवर पत्रकं वाटता वाटता घसरते काय आणि प्लास्टर घालून परत जाते काय. गल्लीत सगळे तुझी चौकशी करतात. काकांची चौकशी करायला कोणाची जीभ रेटत नाही, म्हणून तुझी करतात, हे मला समजतं.

गुणवंतराव काल परत आले. त्यांच्या आणि काकांच्या बरोबर नर्मदा परिक्रमेला निघालेले बाकीचे लोक आठवडाभर शोधाशोध करून शेवटी पुढे गेले, हे एकटे मागे थांबले होते. बरगीच्या धरणाच्या पाण्यात काठाची वाट बुडालेली, म्हणून ही मंडळी आतल्या रस्त्याने, कुंडमच्या बाजूच्या जंगलातून चालली होती. सकाळी चहाला सगळे होते, पुढच्या मुक्कामाला तुझे काका नव्हते. एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगतात. मैया उजव्या हाताला ठेवायची, मागे फिरायचं नाही, वाहनात पाय घालायचा नाही, असा नेम धरून घरून निघालेला माणूस बसमधून उतरून माझ्या दारात उभा राहिला. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मी म्हटलं, भाऊजी, तुमची परिक्रमा आमच्यामुळे मोडली. ते म्हणाले, "वहिनी, काहून असं बोलून राहिल्या? श्रीपादचा हात मीच धरून नेला होता ना."

खरंय ते. वर्षभरापासून तुझ्या काकांना विसरायला होत होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की चार माणसांत राहू द्या, चालू द्या. चार माणसांत राहूनच हरवले.

आता मुद्द्याचं. तू काकांसाठी इंटरनेटवर जे पान केलंस, फोटो, माहिती, आपले फोन नंबर आणि तो व्हिडिओ, ते गुणवंतरावांनी वाटेतल्या आश्रमांच्या, मास्तरांच्या, दुकानदारांच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकलं. पण त्या पट्ट्यात ते उघडतच नाही म्हणे. पांढरा पडदा आणि मधे चक्र. एक दुकानदार त्यांना म्हणाला, "अंकल, ये तो घूम ही रहा है, आदमी कहाँ है?"

तुझं कामच हे आहे ना? लवकर उघडेल असं काही करता आलं तर बघ.

तुझी
काकू

*

पुणे
१४ डिसेंबर

काकू,

पाय जागच्या जागी आहे आणि मीही. खुर्चीवर बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय, आणि मांडीवर संगणक. यापलीकडे माझ्या हातात काही नाही, म्हणून तुझं पत्र आलं तेव्हा खरं सांगू, बरं वाटलं. कोणीतरी मला जमणारं काम सांगितलं.

चूक माझीच. पान मी पुण्यात बसून पुण्यातल्या माणसांसाठी केल्यासारखं केलं. मोठाले फोटो, सजावट, व्हिडिओ. आता दुसरं केलंय, हलकं. एकच फोटो, तोही लहान केलेला, चार ओळी हिंदीत आणि फोन नंबर.

दोन्हींत कोणतं लवकर उघडतं ते आपल्या डोळ्यांनी ठरवायचं नसतं, कारण माझ्या घरात दोन्ही चुटकीसरशी उघडतात. आम्ही कामावर वापरतो ते एक साधन आहे. त्याला दोन्ही पानांचे पत्ते द्यायचे. मग ते आपलं आपण, स्वस्त फोन आणि रडकं नेटवर्क असल्याचं सोंग आणून दोन्ही पानं पुन्हा पुन्हा उघडतं, दर क्षणाला पडद्यावर काय दिसलं त्याची चित्रं शेजारी शेजारी मांडतं, आणि शंभरापैकी गुण देतं. जुन्या पानाला एकतीस मिळाले. नव्याला अठ्ठ्याऐंशी. चित्रांच्या ओळीत नव्या पानावर काकांचा चेहरा येऊन बसतो, तेव्हा जुनं अजून पांढरंच असतं. ते बघून मला माझीच लाज वाटली.

अजून थोडं घासूनपुसून एक-दोन दिवसांत नवं पान लावून टाकते. तू जेवत जा. शेजारच्या सुमेधाताई मला फोन करून चुगली करतात, हे लक्षात ठेव.

विनता

*

जबलपूर
१७ डिसेंबर

चि. विनता,

सुमेधाला काही काम नाही. मी जेवते.

अठ्ठ्याऐंशी वाचून मला इतका आनंद झाला की लगेच गुणवंतरावांना फोन लावला. त्यांनी विचारलं, म्हणजे श्रीपाद सापडायची अठ्ठ्याऐंशी टक्के आशा आहे? मी म्हटलं, हो. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा उलगडलं की गुण पानाला मिळालेत, तुझ्या काकांना नाही. गुणवंतरावांना मी अजून सांगितलेलं नाही. एवढ्या दिवसांनी तो माणूस नीट झोपला म्हणे.

नवं पान मी उघडून पाहिलं. टचकन उघडलं, छान. पण विनू, तो व्हिडिओ कुठे गेला? फोटो आहे तो त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातला. टाय, चकचकीत गाल, केस चापून बसवलेले. असे तुझे काका आयुष्यात एक दिवस दिसत होते, आणि तो दिवस टेलिफोन खात्याने ठरवला होता.

आणि परिक्रमेत कोणी कोणाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. दारात आलेल्याला "कितनी मूर्ति हैं?" म्हणजे माणसं किती, एवढंच विचारतात आणि तेवढी जेवणाची पानं मांडतात. सगळे बाबाजी, सगळे महाराज. तुझ्या चार ओळींतलं नाव तिथे कोणाच्या कामाचं? तुझे काका ओळखू येतात ते चालण्यावरून. दोन्ही हात मागे बांधलेले, डावा खांदा पडलेला, आणि मधेच थांबून जमिनीकडे बघायचं, काही सांडलंय का म्हणून. त्या व्हिडिओत भाजी घेऊन येताना ते तसेच थांबलेत, पिशवी कोपराला अडकवलेली. मी त्यांना चिडवायला काढला होता तो.

तुझ्या त्या परीक्षकाला विचार की व्हिडिओ ठेवून किती गुण देतोस. तुला त्यातलं जास्त कळतं, तू म्हणशील तसं. पण विचार.

काकू

*

पुणे
२० डिसेंबर

काकू,

विचारलं. व्हिडिओ ठेवला की पुन्हा तिशीत. एकट्या व्हिडिओचं वजन बाकी सगळ्या पानाच्या कितीतरी पट आहे. तो खाली ढकलून बघितला, लहान करून बघितला. लहान केला की काका धुरात चालल्यासारखे दिसतात आणि गुण तरीही साठीच्या पुढे जात नाहीत. लोक थांबत नाहीत गं. चक्र फिरताना दिसलं की माणूस बोटाने पान सारून पुढे जातो. आमच्या धंद्यात सगळ्यात आधी हेच शिकवतात, आणि ते खोटं नाही.

तेव्हा मी ठरवलं. जुनं पान काढून टाकलंय. ज्यांच्याकडे जुना पत्ता आहे त्यांनाही आता नवंच उघडेल. काल शेवटचं तपासलं, चौऱ्याण्णव.

तुला वाटेल ही पोरगी गुणांच्या मागे लागली. लागलेच आहे. आईबाबा गेल्यावर तुम्ही दोघांनी मला वाढवलं, काकांनी मला सायकल शिकवली, गणित शिकवलं, आणि आज ते कुठल्या झाडाखाली बसलेत ते मला माहीत नाही. माझं प्लास्टर निघायला वेळ आहे. तिथल्या चौकीत फोन केला की ते प्रेमाने म्हणतात, दीदी, ढूँढ रहे हैं. मग मी काय करू? मला एक आकडा वाढवता येतो, तो मी वाढवते.

विनता

*

जबलपूर
९ जानेवारी २०२३

चि. विनता,

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते तू फोनवर ऐकलंसच.

तुझं पान खूप लोक उघडतात हे मात्र खरं. फोन पुष्कळ येतात. एक जण होशंगाबादहून रोज करतो, त्याचे वडील असेच हरवलेत. त्याला काकांबद्दल काही माहीत नाही, त्याला नुसतं बोलायचं असतं. मी बोलते. एकाने सांगितलं की असाच टायवाला माणूस त्याने बँकेत पाहिला. गुणवंतराव उठून गेले. तो बँकेचा मॅनेजर निघाला, आणि बिचाऱ्याने यांना चहा पाजला.

मला त्यावरूनच सुचलं. लोक टायवाला माणूस शोधताहेत. परिक्रमेत दाढी करत नाहीत, केस कापत नाहीत. म्हणजे आता तुझ्या काकांचं तोंड कसं दिसत असेल ते मलाही सांगता येणार नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना दाढीत पाहिलेलं नाही. समोर आले तर मीसुद्धा चेहऱ्यावरून पटकन ओळखीन का, असं काल मनात आलं.

फोटोवर दाढी काढता येते का गं?

काकू

*

पुणे
११ जानेवारी

काकू,

दाढी काढून पाहिली. नाटकातल्या ऋषीसारखे दिसायला लागले, मी हसले आणि मग हसल्याबद्दल खूप रडले. तो फोटो लावला नाही. त्याऐवजी एक ओळ घातली आहे, "अब दाढ़ी और बाल बढ़े होंगे". एका ओळीने वजन वाढत नाही.

दाढीची ओळ असलेलं आणि नसलेलं अशी दोन्ही पानं पुन्हा शेजारी शेजारी तपासली. ओळ असलेल्याला शहाण्णव, नसलेल्याला पंचाण्णव. याला काही अर्थ नाही, ओळ घालून पान हलकं होत नसतं. तेच पान दोनदा तपासलं तरी ते साधन एक-दोन गुण इकडेतिकडे देतं. मला हे पक्कं ठाऊक आहे. तरी मी आता काहीही न बदलता सकाळी एकदा आणि दुपारी एकदा तपासते, आणि एक गुण वाढला की मला वाटतं आज काहीतरी कळेल. कामावर कोणी असं केलं असतं तर मी त्याला हसले असते.

पुढच्या महिन्यात प्लास्टर निघेल. मग मी येते.

विनता

*

जबलपूर
३० जानेवारी

चि. विनता,

परवा नर्मदा जयंती झाली. ग्वारीघाटला पाय ठेवायला जागा नव्हती. मी गेले होते, पण लवकर परतले.

मधल्या दिवसांत गुणवंतरावांबरोबर कुंडमच्या बाजूला एक फेरी झाली. त्यांच्या स्कूटरवर नाही, बसने गेलो, काळजी नको. विशेष काही कळलं नाही. लोक चांगले आहेत.

एक काम कर. तो चालतानाचा व्हिडिओ पानावर परत लाव. गुण कमी झाले तर होऊ देत.

पायाला तेल लाव.

काकू

*

पुणे
३१ जानेवारी

काकू,

व्हिडिओ लावला. तू सांगितलंस म्हणून आधी लावला, आता विचारते. कुंडमला काय झालं?

तू एवढं छोटं पत्र मला आजवर लिहिलेलं नाहीस. प्लास्टर निघायच्या आधी तेल कुठे लावू? आणि "विशेष काही कळलं नाही" हे वाक्य तू बाबांच्या आजारपणात माझ्याशी बोलायचीस, मी शाळेतून आले की. तेव्हा सगळं कळलेलं असायचं.

मी गुणवंतकाकांना फोन केला. ते म्हणाले, वहिनींना विचार. त्यांचा आवाज बसला होता.

वाईट असेल तरी सांग. काका गेले असतील तरी सांग. मी इथे खुर्चीत बसून वाटेल ते कल्पून घेते आहे, त्याहून वाईट तुझ्याजवळ काय असणार? तू माझ्यापासून लपवते आहेस म्हणजे त्यात माझा काही संबंध आहे. तोही सांग.

विनता

*

जबलपूर
६ फेब्रुवारी

चि. विनू,

काका गेले नाहीत. निदान संक्रांतीपर्यंत तरी होते, चालत होते, जेवत होते. हे आधी वाच आणि पाणी पी.

तुला सांगायचं नव्हतं. तुझ्या पत्रानंतर आठवडाभर मी स्वतःशी भांडले. मग वाटलं, कधीतरी गुणवंतरावांच्या तोंडून निघेल आणि ते अर्धवट सांगतील. त्यापेक्षा मीच सगळं सांगते. तू मात्र शेवटपर्यंत वाच, मधेच उठून स्वतःला शिव्या द्यायला जाऊ नकोस.

कुंडमच्या पुढे रस्त्याला लागून एक घर आहे. अंजनी नावाची बाई आणि तिचा नवरा नथ्थू. थोडी शेती, पुढे पत्र्याचं छोटं दुकान, आणि त्या बाजूने येणाऱ्या परिक्रमावासींना जेवू घालायचं हा तिच्या सासूपासूनचा नेम. गुणवंतराव कुंडमच्या बाजारात पत्रकं वाटत होते तेव्हा कोणीतरी म्हणालं, अंजनीकडे विचारा, तिच्या दारावरून सगळे जातात. गुणवंतराव एकटेच निघाले होते, मी हट्टाने बरोबर गेले.

मी तिला पत्रक दाखवलं. तिने फोटो बघून मान हलवली, नाही. मग मी सहज माझ्या फोनमधला तो व्हिडिओ लावला. अंजनी बघत राहिली, आणि काका जिथे थांबून खाली बघतात ना, तिथे ती मटकन खाली बसली. म्हणाली, "अम्मा, जेई तो बाबाजी हते."

तिने डिसेंबरात आपलं जुनं पान पाहिलं होतं. तिच्या घरात नेटवर्क येत नाही, कुंपणाच्या एका कोपऱ्यात येतं. तिने चक्र फिरत असताना फोन तिथे ठेवून दिला, जाऊन रोट्या केल्या, आणि परत येऊन बघते तर पान उघडलेलं होतं. तिने तो व्हिडिओ पाहिला. लोक थांबत नाहीत असं तू म्हणालीस, ते तुमच्याकडचं खरंच असेल. त्या बाजूला बायका रोज कशाची ना कशाची वाट बघतात, बसची, विजेची, पाण्याची. त्यात एक पान काय जड आहे?

संक्रांतीच्या सुमारास तुझे काका तिच्या दारात आले. दाढी वाढलेली, अंगावर कोणीतरी दिलेलं पांढरं पांघरूण. दोन दिवस राहिले. तिला त्यांचं चालणं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं आणि पान आठवलं. खात्री करावी म्हणून कुंपणाशी जाऊन तिने ते पुन्हा उघडलं. लगेच उघडलं. त्यात व्हिडिओ नव्हता. टाय घातलेला, गुळगुळीत चेहऱ्याचा एक साहेब होता. तिने तो नथ्थूला दाखवला. नथ्थू म्हणाला, हा कुठे आणि आपले बाबाजी कुठे. भलत्या माणसाला फोन करून एका साधूची पंचाईत का करायची? तिलाही वाटलं, आपणच चुकलो.

इथवर तू तुझ्यावर घेशील, म्हणून पुढचं नीट वाच.

निघायच्या सकाळी तुझ्या काकांनी तिला विचारलं, जबलपूरला कुठून जायचं? दोनदा विचारलं. दुकानासमोरच जबलपूरची बस थांबते, विनू. ती उभी होती. ते बसच्या दाराशी गेले, हात दांडीला लावला. अंजनी धावत गेली आणि तिने हात जोडून त्यांना थांबवलं. तिला वाटलं, थकलेला म्हातारा आहे, मन कच्चं झालंय, एवढी पुण्याई वाया जाईल. ती म्हणाली, "बाबाजी, परकम्मा में गाड़ी पे नईं बैठत. घर पीछे छूट गओ. मैया दाहिने हाथ, और आगे।" बसमधल्या लोकांनीही तेच सांगितलं. कंडक्टरने पाया पडून त्यांना बाजूला घेतलं. तुझ्या काकांनी दांडी सोडली. भांडायचा स्वभाव कधी नव्हताच त्यांचा. अंजनीने पुढच्या वाटेला लावून दिलं, पोळ्या बांधून दिल्या, आणि ते वळणापर्यंत दिसत होते तोवर ती हात जोडून उभी होती.

दीड-दोन तासांत ते घरी आले असते.

अंजनी माझे पाय सोडेना. नथ्थू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिला काय म्हणू? मी घाटावर असते आणि एखादा थकलेला परिक्रमावासी रिक्षात बसायला निघाला असता, तर मीही त्याला असंच थांबवलं असतं आणि घरी येऊन तुझ्या काकांना अभिमानाने सांगितलं असतं. कोणी वाईट वागलं नाही. तू चांगलं करायला गेलीस, तिने चांगलं केलं, कंडक्टर तर पाया पडला. मला राग धरायला एक माणूस मिळत नाही, आणि त्याचा मला फार त्रास होतो. राग आला असता तर त्याच्या जोरावर चार दिवस निघाले असते.

गुणवंतराव त्या दिवसापासून पुढच्या वाटेवर हिंडताहेत, निवास गावापर्यंत जाऊन आले. एका मंदिरात कळलं की असे एक बाबा येऊन गेले. पुढे कळत नाही. बहुतेक जिथे जातील तिथे लोक त्यांना जेवू घालतील, पांघरूण देतील, आणि घरचा रस्ता विचारला की हात जोडून पुढे पाठवतील. उपाशी नाहीत, उघड्यावर नाहीत, सगळे त्यांना जपताहेत, आणि सगळे मिळून त्यांना माझ्यापासून लांब नेताहेत.

तेव्हा मला आणखी एक पान कर. व्हिडिओ राहू दे. लोक वाट बघतील. पण सगळ्यात वर, फोटोच्याही आधी, मोठ्या अक्षरांत मी खाली लिहिते ती ओळ घाल. आणि तुझ्या त्या साधनाला दोन्ही पानं दे, गुणांसाठी नाही. ते दर क्षणाची चित्रं दाखवतं म्हणालीस ना? त्यात एवढंच बघ की पांढऱ्या पडद्यावर सगळ्यात आधी ही ओळ येते की नाही. बाकीचं उघडलं नाही तरी चालेल.

हिंदी तू तपासून घे. मला त्यात चूक व्हायला नको आहे.

"ये बाबाजी अगर आपसे जबलपुर का रास्ता पूछें, तो उन्हें आगे मत भेजिए। हाथ पकड़कर बस में बिठा दीजिए। परिक्रमा टूटेगी तो उसका दोष हमारा, आपका नहीं। — उनकी पत्नी"

काकू